खाजणाच्या बांधावरची खांड

ग्रॅव्हल बाईक हा शब्द मी पहिल्यांदा माझ्या मैत्रिणीच्या तोंडून ऐकला, तेव्हा मला वाटलं खडी वाहायची एखादी गाडी असेल. ती हसली नाही. कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये मला घेऊन गेली आणि तिच्या मामूने मस्कतहून आणलेली सायकल दाखवली. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, रेसच्या सायकलीसारखी हलकी चौकट, पण टायर जाड आणि खरबरीत. डांबरावर पळते आणि मातीवर रडत नाही, असं तिने सांगितलं. मामू पुन्हा बोटीवर गेला तेव्हा सायकल तिच्याकडे राहिली.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील एका आंब्याच्या बागेचे राखणदार, आई काजूच्या कारखान्यात. वर्गात मी कडेच्या बाकावर बसायचे आणि उत्तर येत असलं तरी हात वर करायचे नाही. मैत्रीण खाडीकाठच्या गावातली. तिचे अब्बा कुवेतला क्रेन चालवतात, घरात अम्मी आणि दादी. तिलाही बोलायची भीती वाटत असेल असं मी सुरुवातीला धरून चालले होते. तसं काही नव्हतं.

त्या वर्षी तिच्या घरात एक गोष्ट जवळजवळ ठरली होती. मुंब्र्याला तिच्या चाचाच्या ओळखीने एका ऑफिसात नोकरी मिळत होती. उन्हाळ्यात तिने तिकडे जावं, कॉलेज बाहेरून पूर्ण करावं, असं अब्बांचं म्हणणं. जबरदस्ती नव्हती. अब्बा फोनवर एवढंच विचारायचे की इथे राहून तू काय करणार आहेस ते मला सांग. तिच्याकडे उत्तर नव्हतं. मग दिवाळीनंतर तिला ते सापडलं.

पुण्याच्या एक ताई ग्रॅव्हल बाईकवाल्यांच्या छोट्या सहली काढायच्या. पन्नाशीच्या, बँकेतली नोकरी सोडलेल्या, कमी बोलणाऱ्या. आजवर त्या नाशिककडे द्राक्षांच्या मळ्यांतून लोकांना फिरवत होत्या, आता त्यांना कोकणात वाट हवी होती. मैत्रिणीने त्यांना स्वतःहून कळवलं की रत्नागिरीजवळ अशी एक वाट आहे जिला डांबर फारसं लागत नाही: आधी खाडी आणि तिच्या काठचं दलदलीचं खाजण, मग रान, मग जांभ्याचा उघडा सडा, मग आंब्याच्या बागा. ताईंनी उत्तर दिलं की चार जणांना घेऊन एकदा येऊन बघते. वाट आणि वाटाड्या दोन्ही पसंत पडले, तर हिवाळ्यातले गट तिच्याकडे.

खरी गोष्ट अशी की तेव्हा ती अखंड वाट अजून नव्हतीच. तुकडे होते. ते जोडायला आम्ही दोघी महिनाभर रविवारी हिंडलो. ती तिच्या सायकलवर, मी वडिलांच्या जुन्या काळ्या सायकलवर, आणि चढ आला की अदलाबदल. मी तिच्याबरोबर का गेले हे मला नीट सांगता येणार नाही. कदाचित एवढंच, की कुणीतरी मला पहिल्यांदाच विचारलं होतं की तुमच्या बागेकडून सड्यावर जायला गाडीवाट आहे का, आणि मला ते ठाऊक होतं.

त्या महिन्यात मी माझाच मुलूख नव्याने पाहिला. एसटीच्या खिडकीतून जे रान म्हणजे नुसता हिरवा पट्टा दिसतो, त्याच्या आत सायकलवरून गेलं की वास बदलत जातात. खाजणात चिखलाचा आणि कुजक्या पानांचा, रानात ओलसर दगडाचा, सड्यावर वाळलेल्या गवताचा. मैत्रीण दर वळणावर थांबायची, मागे बघायची, आणि परत येताना हे वळण कसं दिसेल ते मनात ठेवायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "येताना रस्ता वेगळा असतो, म्हणून बघते."

सगळ्या वाटेत अवघड जागा एकच होती. खाडीच्या कडेला पूर्वी भातशेती होती. खारं पाणी आत येऊ नये म्हणून घातलेला लांबलचक बांध अजून आहे. पण बांधाला मधोमध खांड पडली. ती कुणी बुजवली नाही, भरतीचं पाणी आत यायला लागलं आणि शेतात खारफुटीची तिवरं माजली. आता तिथे बगळे, खंड्या आणि खेकडे राहतात. बांधावर पाऊलवाट, सायकलला जेमतेम पुरेल एवढी. ओहोटीला खांडीत दगड उघडे पडतात, त्यावरून सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे जाता येतं. भरतीला मात्र तिथे छातीभर पाणी आणि ओढ.

म्हणजे पाहुण्यांना खांडीपाशी ओहोटीलाच आणायला हवं होतं. फोनमध्ये भरतीच्या वेळा मिळतात, पण मैत्रीण म्हणाली की त्या बंदरातल्या असतात, आमच्या खाडीचं आम्हाला ठाऊक. तिला एक हिशोब येत होता. पूर्वी गावाच्या तरीवर होडी चालवणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांनी तो तिला लहानपणी शिकवला होता. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाला पाणी चढलेलं. त्यानंतर दोन-अडीच तासांनी खांड मोकळी होते. मला हे ऐकून फार आश्चर्य वाटलं होतं. आम्ही वरच्या अंगाची माणसं, आम्हाला समुद्राचं घड्याळ ठाऊक नाही.

ठरलेल्या दिवशी भाट्याच्या पुलाजवळ उजाडताना आम्ही सगळे भेटलो. थंडी होती. ताईंनी गाडीवर एक जादा सायकल आणली होती, ती मला दिली. मी नको नको म्हणत होते. ताई म्हणाल्या, "ती काय मी पुण्याला परत हिंडवायला आणली नाही. बस." सीट माझ्या उंचीला करून दिली, ब्रेक कसा हळू दाबायचा ते दाखवलं आणि निघाल्या.

त्या पहिल्या तासाबद्दल मी कितीही लिहिलं तरी कमीच पडेल. सुरूच्या झाडांखाली वाळलेल्या पानांचा जाड थर होता आणि त्यावरून चाकं आवाज न करता जात होती. माझ्या काळ्या सायकलने प्रत्येक दगडाची बातमी मला दिली असती. ही सगळं स्वतःच गिळून टाकत होती. चौघांतले एक जाडसर गृहस्थ सारखे मागे पडायचे आणि प्रत्येक घरासमोर थांबून पडवीत बसलेल्या माणसांना नमस्कार करायचे. एका आजोबांनी त्यांना विचारलं की पेट्रोल परवडत नाही काय. ते म्हणाले, "पेट्रोल परवडतं हो आजोबा, पोट परवडत नाही." तो विनोद पुढे दिवसभर सगळ्यांनी वापरला.

मैत्रीण सर्वांत पुढे. ती मागे न बघता हात वर करून खड्डा दाखवायची, वळणाआधी वेग कमी करायची. माझ्यापुढे तिची पाठ होती, ओढणीची टोकं कमरेला घट्ट बांधलेली. वर्गातली तीच मुलगी ही, असं मला मधूनमधून स्वतःला सांगावं लागत होतं.

दहाच्या सुमारास आम्ही बांधावर चढलो. दोन्हीकडे तिवरं, मध्ये लाल मातीची रेघ, आणि सात सायकली एकामागे एक. ताईंनी पहिल्यांदाच स्वतःहून काही म्हटलं. असं मी कुठे पाहिलं नाही, असं म्हणाल्या. मैत्रिणीच्या मानेवरूनसुद्धा मला कळलं की तिने ते ऐकलं.

आणि मग खांड आली. खांडीत दगड दिसतच नव्हते. पाणी काठोकाठ होतं आणि अजून आत शिरत होतं, तिवरांची खालची पानं त्यात हलत होती.

सगळे उतरले. मैत्रीण पाण्याकडे बघून वळली आणि सांगायला लागली. आवाज स्थिर होता. भरती होऊन गेली आहे, थोड्या वेळात उतरेल, असं तिने सांगितलं. जाडसर गृहस्थांनी विचारलं की कशावरून. तेव्हा तिने तरीवाल्या काकांचा हिशोब सांगितला. पाहुण्यांना तो फारच आवडला. एकाने फोन काढून तो लिहून घेतला. "आज दहावा," ती म्हणाली. "दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे साडेसातलाच भरलं. आता उतरायलाच पाहिजे."

मी मागे उभी होते. काहीतरी चुकतंय असं मला वाटलं, आणि मला असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा मी गप्प बसते. काल आमच्याकडे आईचा एकादशीचा उपास होता. मी स्वतः तिला रताळी उकडून दिली होती. काल एकादशी, तर आज दहावा कसा? मी तिला बाजूला घेतलं, काल एकादशी होती असं सांगितलं आणि विचारलं की तू दहावा कुठून धरलास.

"दादीने सांगितला. दहावा चांद."

तिच्या घरात महिना चंद्रकोर दिसल्यापासून मोजतात. आमच्या घरात अमावास्या संपल्यापासून. चंद्र तोच, पण कोर दिसायला एक-दोन दिवस जातात, म्हणून त्यांचा दहावा तो आमची द्वादशी. काकांचा हिशोब तिथीचा होता. तिने त्यात चांद घातला. बाराची पाऊणपट नऊ, आणि खाडीत एवढ्या आत पाणी पोचायला आणखी वेळ. म्हणजे आत्ता कुठे भरती पूर्ण होत होती.

हे तिला माझ्याआधी उमगलं. मी बाराला पाऊणने गुणेपर्यंत तिचा चेहरा उतरला होता. इतके दिवस एकाच बाकावर बसून आमच्या कधी लक्षात आलं नव्हतं की आपण दिवस वेगवेगळे मोजतो. ईदला ती सुट्टी घ्यायची, गणपतीला मी. मधल्या दिवसांचं बोलायचं कारणच पडलं नाही.

मी तिला हळूच म्हटलं की काही सांगू नको. इथे न्याहारीला थांबायचंच होतं असं म्हण, जागा सुंदर आहे, कुणाला कळणार नाही. माझ्या मनात मुंब्रा होतं. चुकलेल्या वाटाड्याकडे पुण्याची माणसं गट कशाला पाठवतील?

तिने मान हलवली. "यांनी हिशोब लिहून घेतलाय. उद्या कुठल्या तरी खाडीत हा धरून उतरतील."

आणि ती गेली आणि तिने सांगितलं. कुठलीही गोलगोल सुरुवात नाही. माझं चुकलं, हिशोब बरोबर आहे पण मी त्यात आमच्या घरचा दिवस घातला, तिथी घालायला हवी होती. फोनमध्ये लिहिलंय त्यापुढे हे लिहा. पाणी आता उतरायला लागेल, पण खांड मोकळी व्हायला बारा वाजतील. थांबायचं नसेल तर मागे फिरून डांबरी रस्त्याने जाता येतं, मी घेऊन जाईन.

सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी हेल्मेट काढलं, बांधावर मांडी घातली आणि विचारलं, "खायला काय आणलंयस?"

अम्मीने डबाभर सांदणं दिली होती, फणसाची नव्हे, त्या दिवसांत फणस कुठला, नुसती गुळाची. सोबत खोबऱ्याची चटणी. ती आम्ही खाल्ली. मग फार वेळ काहीच घडलं नाही. मला सुरुवातीला ते असह्य झालं. दर थोड्या वेळाने मी पाण्याकडे बघत होते, जणू माझ्या बघण्याने ते उतरणार होतं. मैत्रीण मात्र जाऊन पाण्याच्या कडेला एक काटकी खोचून आली, आणि नंतर तिकडे बघितलंही नाही. ती पाहुण्यांना तिवराची मुळं दाखवत बसली, चिखलातून वर आलेली, बोटांसारखी. एक खंड्या समोरच्या फांदीवरून दोनदा सूर मारून दोनदा रिकामा परतला. जाडसर गृहस्थ म्हणाले की यानेही बहुतेक चांदच धरलाय. मैत्रीण हसली, आणि मग आम्ही सगळेच हसलो.

पाणी उतरताना मी पहिल्यांदाच पूर्ण पाहिलं. ते एकदम जात नाही. आधी पानांवर ओली रेघ राहते, मग मुळांची टोकं दिसतात, मग चिखल चमकतो आणि त्यावर लहान खेकडे बाहेर येऊन जणू काही झालंच नव्हतं असे फिरायला लागतात. शेवटी दगड. मैत्रीण आधी एकटी उतरली, पलीकडे जाऊन परत आली, आणि मग तिने प्रत्येकाची सायकल मधल्या दगडावर उभी राहून हातोहात पुढे दिली. ताईंची सायकल घेताना त्यांनी स्वतः तिचा हात धरला, आधार म्हणून.

पलीकडे रानाची वाट सुरू होते. तिथे तिने एक गोष्ट केली जी मला अजून आठवते. ताईंना ती म्हणाली की इथून पुढचा मुलूख माझ्या मैत्रिणीचा आहे, ती पुढे होईल. मला वाटलं, ती आता स्वतःहून मागे सरते आहे. ताईंनाही तसंच वाटलं असावं. त्या म्हणाल्या, "ती सांगू दे. पुढे तूच राहा."

मग मी दुसऱ्या नंबरवरून सांगत गेले. डावीकडे पाखाडी, तिकडून नको, पायऱ्या आहेत. पुढे पऱ्या, पाणी घोट्याएवढं. माझा आवाज मला अनोळखी वाटत होता. रानात उन्हाचे कवडसे होते आणि वाटेवर कुंभ्याची पानं पडलेली. चढ संपला आणि सडा आला तेव्हा सगळे आपोआप थांबले. काळपट जांभा दूरवर पसरलेला, वाळलेलं पिवळं गवत, आणि पार टोकाला समुद्राची एक फिकट पट्टी. नाशिकचे मळे पाहिलेला एक जण म्हणाला की द्राक्षांचे मळे आखलेले असतात, सरळ ओळीत, तिथे कुठेही उभं राहिलं तरी माणसाचा हात दिसतो. इथे माणसाने काही केलेलंच दिसत नाही. मला म्हणायचं होतं की थांबा, आता दिसेल. पण तेवढ्यात उतार आला होता.

तो उतार म्हणजे आमच्या बागेची गाडीवाट. दोन्हीकडे जांभ्याचे गडगे, वर कलमांच्या फांद्या, मोहोर नुकता फुटलेला. चिरा न् चिरा कुणीतरी डोक्यावरून आणून रचलेला. माझ्या आजोबांनीही त्यातले काही रचले आहेत. मी ब्रेक हळू दाबत, मोहोराच्या वासातून, त्यांच्यामधून खाली आले. ही वाट मी जन्मापासून चालले होते, पण ती इतकी सुंदर आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं.

वडील बागेचं बेडं, म्हणजे बांबूचं फाटक, उघडून उभे होते. आम्हाला उशीर झाल्यामुळे आईने घावणे दोनदा गरम केले होते. उशीर का झाला ते कळल्यावर वडील मैत्रिणीला म्हणाले, "तुमचा चंद्र आळशी गो. आमच्या मागून उठतो." ती म्हणाली, "काका, तुमचा दिसायच्या आधीच धरतात. आमचा निदान बघून घेतो." वडील घावणे वाढायला लागले.

जेवण झाल्यावर ताईंनी तिला कलमाखाली बोलावलं. मी ताटं उचलत होते, पण ऐकू येत होतं. ताईंनी विचारलं की पुढच्या महिन्यात दोन गट आणायचे आहेत, तारखा देऊ का. ती लगेच हो म्हणेल असं मला वाटलं. ती म्हणाली की तारखा तुम्ही देऊ नका. आदल्या दिवशी मी बांधावर जाऊन पाणी बघणार, मग कुठल्या वेळी निघायचं ते मी सांगणार, आणि कधी सांगेन की या दिवशी खांड नाही, रानातूनच जाऊ.

"म्हणजे तू मला नाही म्हणणार."

"लागलं तर म्हणेन."

ताई म्हणाल्या, "चालेल. दिवस तूच ठरव. दोन्ही गट तुझे."

पाहुणे गेल्यावर तिने अब्बांना फोन लावला. मागे क्रेनचा आवाज होता, त्यामुळे तिला सगळं मोठ्याने सांगावं लागलं आणि आमच्या पडवीत सगळ्यांना कळलं. तिने खांडीपासून सांगितलं, चुकीपासून. गट मिळाल्याचं शेवटी. अब्बांनी एकच विचारलं, तिने फोन माझ्याही कानाला लावला होता म्हणून मी ऐकलं. पाण्याच्या काठाला काटकी कशाला खोचलीस? ती म्हणाली, म्हणजे सारखं बघायला नको, एकदा बघितलं की कळतं किती उतरलं.

"बरं," अब्बा म्हणाले. "चाचाला मी सांगतो, मुंब्र्याचं राहू दे."

तिने फोन ठेवला. खाऱ्या चिखलाने साखळी गंजते, म्हणून सायकल लगेच धुवायला हवी होती. मी विहिरीवरून पाणी काढलं आणि तिने साखळीचा एकेक दुवा चोळायला घेतला.